कोऱ्या प्लेटचा फोटो

मोबाईल खाली ठेव, निकिता. फोटोचा नाद लय वंगाळ. आमच्या शिवप्रकाशला इचार.

परभणीत पाणी तपासायच्या एका लॅबमदी होता तो. जेलीच्या काचप्लेटवर पाण्याचा थेंब टाकायचा, गरम कपाटात ठेवायचा. जंतू असले की दुसऱ्या दिवशी ठिपके उगवायचे. त्याचा कॅमेऱ्यानं फोटो काढून रिपोर्टला जोडायचा. झालं काम.

पोखर्णीकडच्या एका वस्तीवरून भागम्मा म्हातारी विहिरीचं पाणी घेऊन आली. बाटलीवर भस्माची तीन बोटं ओढलेली. तिचं मधलं बोट वाकडं, म्हणून मधली रेघ बी वाकडी. "लेकरा, पाण्याला वास यायलाय. तू म्हणशील तवाच पिऊ," म्हणाली, अन् त्याच्या कपाळाला बी भस्म लावलं.

दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याची बॅटरी उतरलेली. चार्जिंगला लावून गडी चहाला गेला. येईस्तवर झाडलोट करणाऱ्या सविताबाईनं रोजच्यासारख्या सगळ्या प्लेटा धुऊन टाकलेल्या. पाणी पुन्हा मागवावं तर साहेबाच्या शिव्या. यानं कोरी प्लेट घेतली, भागम्माच्या नावाची चिठ्ठी चिकटवली, फोटो काढला. रिपोर्ट गेला, पाणी चांगलं.

म्हातारी हगवणीनं गेली. वस्तीवर आणखी माणसं अंथरुणाला खिळली. आपणच मारलं तिला, हे शिवप्रकाशला ठाऊक होतं. तरी तोंड उघडलं न्हाई.

पोळ्याची आदली रात्र. साडेनऊ वाजलेले. लॅबमदी एकटाच राहिलेले फोटो काढायलाय. बाकीच्यांशी ताडून बघायला एक कोरी प्लेट बी काढावी लागते. ती ठेवली. बटन दाबलं.

पडद्यावर तीन रेघा.

प्लेट बघितली. कोरी. कॅमेऱ्याची काच पुसली. पुन्हा काढला.

तीन रेघा.

दुसरी प्लेट घेतली. तीन. भिंतीचा काढला. भिंत साफ. पुन्हा प्लेट...

मागून भस्माचा वास आला.

वळला न्हाई तो.

"भागम्मा... चुकलो गं माय."



तसाच गाडीवर वस्तीला गेला. दारं वाजवून सांगितलं, "पाणी पिऊ नका, मी खोटा फोटो लावला." लोकांनी बडवला. पण विहीर बंद झाली, बाकीची माणसं वाचली.

"मग रेघा गेल्या का, आबा?"

कॅमेरा त्यानं माझ्याकडं आणून टाकला. त्या पेटीत हाय. फोटो म्या सोता बघितलाय, पोरी. प्लेट कोरी होती म्हणतो तो, शपथेवर. अन् फोटोत तीन रेघा...

मधली वाकडी.