सहाशेपर्यंत मोजा, काका

चष्मेवाला पहिल्यांदा आमच्या दारात आला तो स्वतःचीच गाडी मागून ढकलत. गाडीनं आमचं दुकान ओळखलं आणि ती आपणहून पायरीशी थांबली, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे ती दगडाला अडली. पण गोष्ट प्रेमाची असली की गाडीनं थोडं शहाणपण दाखवायला हरकत नाही.

"बॅटरी उतरली वाटतं," तो धापा टाकत म्हणाला.

"वाटतं कशाला? उतरलीच आहे," आतून माझी पुतणी म्हणाली. "मघाशी हॉर्न दाबलात ना? तो वाजला नाही, खोकला."

बॅटरी चार्जिंगचं दुकान तिचं. माझं काम बाहेर व्हरांड्यात खुर्ची अडवून गिऱ्हाइकांना गोष्टी सांगायचं. पोरगी इतकी शिस्तीची, की गल्लीत तिला मास्तरीण म्हणतात. बॅटरीतले बुडबुडेसुद्धा तिची परवानगी घेऊन वर येतात. तिनं बॅटरी टेबलावर ठेवली, सहाही बुचं काढली, डोळ्यांवर जाड काचांचा संरक्षक चष्मा चढवला आणि नेहमीसारखे डोळे बारीक करून आत डोकावली.

"बारा तास लागतील."

"बारा? चौकातला गॅरेजवाला तासाभरात देतो म्हणाला."

"मग त्याच्याकडे न्या. उकळून देईल तो. पस्तीस अँपिअर-तासांची बॅटरी साडेतीन अँपिअरनंच भरायची. जोर केला की आतल्या प्लेटा वाकतात." तिनं मान वर केली. "घाई सोसत नाही तिला."

"तिला की... तुम्हाला?"

मास्तरणीनं चार्जरचा लाल चिमटा भलत्याच टोकाकडे नेला आणि ऐन वेळी थबकून परत आणला. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. मी एकाच डोळ्यानं पाहिलं, पण पाहिलं.

माझा उजवा डोळा कसा गेला, याच्या माझ्याकडे एकतीस गोष्टी आहेत. चष्मेवाल्याला मी गरुडाची सांगितली. कड्यावर चढलो होतो, गरुडिणीला वाटलं अंडं आहे, वगैरे. तो एवढा मन लावून ऐकत होता की मी त्यात दुसरा गरुडही घातला. डोळ्याची गोष्ट सुरू झाली की आत पुतणी हातातलं काम सोडते. मग उठून खिडक्या पुन्हा एकदा ढकलून बघते, नीट उघड्या आहेत ना म्हणून.

महिन्याभरात चष्मेवाला चार वेळा आला. चारही वेळा बॅटरी ठार उतरलेली.

"रात्री दिवे चालू राहिले," तो म्हणायचा.

"चारदा?"

"विसरभोळा आहे मी."

"गिऱ्हाइकांच्या चष्म्यांचे नंबर कसे लक्षात राहतात मग?"

"डोळे लक्षात राहतात माझ्या," तो म्हणायचा, आणि मास्तरीण उगाचच फडकं शोधायला जायची... फडकं तिच्या खांद्यावरच असायचं.

चौथ्या खेपेला गार वारं सुटलं होतं आणि पोरीच्या अंगात ताप होता. दुकानात सात बॅटऱ्या सकाळपासून चार्जिंगला. चष्मेवाल्याची सुट्टी, म्हणून तो स्टुलावर ठाण मांडून. तिसऱ्या प्रहरी पुतणीला हुडहुडी भरली. मीच तिला मागच्या खोलीत पडायला पाठवलं.

"बुडबुडे जोरात यायला लागले की हाक मारा," ती त्याला म्हणाली. "फक्त हाक मारा. बाकी कशाला हात लावू नका."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे. विसरभोळेपणावर नाही."

मी व्हरांड्यात डुलकी काढत होतो. जाग आली ती आवाजानं नाही, आवाज थांबल्यानं. हवा बाहेर ओढणारा भिंतीतला पंखा दिवसभर घरघरत असतो. तो बंद होता. मी खिडकीकडे पाहिलं. तिन्ही खिडक्या लावलेल्या. कड्यासुद्धा.



काय झालं असणार, हे काचेतून बघताबघताच कळलं. मागच्या खोलीत पोरगी खोकत होती. वारं लागू नये म्हणून शहाण्यानं सगळं बंद केलं होतं. सात बॅटऱ्या आत बुडबुड उकळत होत्या. त्या बुडबुड्यांतून जो वायू निघतो त्याला रंग नाही, वास नाही. त्याला हवी असते फक्त एक ठिणगी. आणि हा तिला झोपेतून उठवायला नको म्हणून स्वतःच चिमटा काढायला निघाला होता. चार्जर चालू. काळा चिमटा अर्धा सुटलेला, त्याच्या बोटांत.

मी ओरडणार... तेवढ्यात मागच्या दारात पुतणी दिसली. तिनं माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. तो दचकला असता तर हात सुटला असता.

तिनं अंगावरची लोकरीची शाल काढून दाराबाहेरच टाकली. लोकर चटचटते, ठिणगी पाडते. सुती कपड्यात, तापानं थरथरत, ती आत गेली.

"ऐका," ती हळू म्हणाली, जणू काही विशेष नाही. "चिमटा आहे तसाच दाबून धरा. काढू नका, सोडू नका, हलू नका."

"मी फक्त..."

"तोंड हलवलंत तरी चालेल. हात नाही."

तिनं कडीत सुती फडक्याचं टोक सरकवलं, लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून, आणि एकेक खिडकी उघडली. गार वारं तिच्या अंगावर आलं.

"चार्जरचं बटण दाबू का?" त्याचा आवाज बारीक झाला होता.

"नको! चार्जरचं काय नि पंख्याचं काय, बटण दाबलं की आत निळी ठिणगी चमकते. आधी हवा बदलू दे. काका..." तिनं माझ्याकडे न बघता म्हटलं, "सहाशेपर्यंत मोजा. खरे खरे."

मी मोजायला लागलो. आयुष्यात एकही आकडा मी न फुगवता सांगितलेला नाही. त्या दिवशी प्रत्येक आकडा मोजून मापून टाकत होतो. एक... दोन... तीन...

"एवढं काय होतं ठिणगीनं?" त्यानं विचारलं.

"काकांचा डोळा गेला."

"तो तर गरुडानं..."

"याच टेबलावर. मी नऊ वर्षांची होते. मला थंडी वाजते म्हणून त्यांनी खिडकी लावली होती."

माझी जीभ अडखळली. चाळीस की एकेचाळीस? चाळीसच धरले. ही बत्तिसावी गोष्ट मी कधी कोणाला सांगितली नव्हती. सांगितली असती, तर पोरगा आज त्या चिमट्यापाशी उभा नसता.

चष्मेवाल्याचा चेहरा पांढरा पडला. आणि मग मी ते पाहिलं, ज्याची मला भीती होती... त्याचं मनगट थरथरायला लागलं. चिमटा टोकावर डुगडुगू लागला.

आत येताच पुतणीनं संरक्षक चष्मा डोळ्यांवर चढवला होता, तो काढला. दुकानात तो एकच होता. तिनं तो त्याच्या डोळ्यांवर बसवला आणि आपला तापलेला हात त्याच्या हातावर घट्ट दाबला. चिमटा थांबला.

"हे काय? तुमचे डोळे..."

"गप्प."

"मग निदान मिटून तरी घ्या!"

"मिटले तर तुमच्याकडे लक्ष कोण ठेवणार?"

दोनशे दहा... दोनशे अकरा... मला घाम फुटला होता, तोही त्या वाऱ्यात.

"एक सांगू?" तो पुटपुटला. "पुढे काही झालं तर राहून जाईल. दिवे... मी मुद्दाम चालू ठेवत होतो."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"दुसऱ्या खेपेपासून. आतल्या पाण्याचा दाटपणा मोजला की कळतं बॅटरी किती खोल उतरलीय ते. विसरून एवढी उतरत नाही." तिनं त्याचा हात आणखी घट्ट दाबला. "वेड्यासारखं करता. दरवेळी असं तळापर्यंत उतरवलंत तर मरते ती. अजून एक-दोनदा... की कायमची गेली असती."

"मग कळल्यावर बोलला का नाहीत?"



"बोलले असते तर तुम्ही दिवे बंद केले असते," ती म्हणाली.

तो हसला, पण हात हलू दिला नाही. शिकत होता.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "या टेबलापाशी जो उभा राहतो, त्याची. तुम्ही पहिल्या दिवशी आलात ना... तेव्हापासून वाटते."

"माझी?"

"तुमच्यासाठी. कळत नाही का तुम्हाला काहीच?"

कळलं त्याला. जाड काचांमागे त्याचे डोळे केवढे तरी मोठे दिसत होते.

सहाशे झाले तेव्हा मी सांगितलं नाही. हवा तर बदललीच होती. वर दीडशे माझ्याकडून. मग म्हणालो, "सहाशे."

पुतणीनं बटण बंद केलं. टक्. बस्, एवढंच. सातही बॅटऱ्या हळूहळू निवल्या. तिनं स्वतःच काळा चिमटा काढला, मग लाल, आणि मग जमिनीवर बसून लहान मुलीसारखी रडली. तो बाहेरून शाल घेऊन आला. खिडक्यांना त्यानं हात लावला नाही.

पुढचे आठ दिवस तो फिरकला नाही. पोरगी कोणाशी धड बोलेना. रस्त्यावर कोणी हॉर्न दिला की मान वर, की पुन्हा खाली. एवढी भीती बघून पळाला असेल, असं मलाही वाटलं.

नवव्या दिवशी आला. चालत, बॅटरीशिवाय. त्यानं टेबलावर दोन डब्या ठेवल्या. पहिलीत संरक्षक चष्मा, तिच्या नंबरच्या काचा घालून स्वतः बनवलेला. "नंबर न विचारता काढलाय," तो म्हणाला. "डोळे लक्षात राहतात माझ्या."

दुसरीतही चष्मा होता, जरा मोठा.

"हा कोणाचा?" तिनं विचारलं.

त्यानं पंख्याचं बटण दाबलं, तिन्ही खिडक्या एकेक ढकलून बघितल्या, नीट उघड्या आहेत ना म्हणून, आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"तू सांग."

मास्तरणीनं डबी उघडली. दुसरा चष्मा स्वतःच्या हातानं त्याच्या डोळ्यांवर बसवला. आणि माझ्याकडे वळून म्हणाली,

"काका, जरा बाहेर बसा. मोजू नका."