फोन ठेवल्यानंतर

सत्य अविनाशी असतं. फक्त ते फोनमध्ये फार जागा खातं.

ही अडचण पुरावेसाहेबांची. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. बाकी सगळे त्यांना पाठीमागे पुरावेसाहेबच म्हणत. अपघातात चेपलेल्या गाड्या पाहून विमा कंपनीने किती भरपाई द्यायची ते ठरवणं हा त्यांचा पेशा, आणि जगातला प्रत्येक माणूस आज ना उद्या शब्द फिरवणार ही त्यांची श्रद्धा. त्यामुळे फोनवरचं प्रत्येक बोलणं आपोआप रेकॉर्ड होईल अशी सोय त्यांनी करून ठेवली होती. गॅरेजवाले, डॉक्टर, शिंपी, वरिष्ठ, बायको, कुणी सुटलं नव्हतं. वाद निघाला की ते शांतपणे खिशातून फोन काढत आणि विचारत, "ऐकवू?" एवढ्या एका शब्दावर त्यांनी पुष्कळ वाद जिंकले होते आणि पुष्कळ माणसं घालवली होती. दुसऱ्या गोष्टीचं रेकॉर्ड ठेवलेलं नव्हतं.

मग फोनच्या कंपनीनेच दगा दिला. एका अपडेटनंतर, रेकॉर्डिंग सुरू झालं की एक बाई दोन्हीकडच्यांना गोड आवाजात तसं सांगायला लागली. माणसं सावध झाली. "हो", "नाही", "बघू" यापलीकडे कुणी तोंड उघडेना. साहेबांचा पारा चढला आणि ते तडक दुसऱ्या कंपनीचा फोन घ्यायला गेले. त्याच फोनला ते आजवर मिरवायचं खेळणं म्हणत आले होते. त्यातही ती बाई बोलते की काय, हे त्यांनी विचारलं नाही. (बोलते.) रागाच्या भरात त्यांना एकच प्रश्न सुचला: जुनी रेकॉर्डिंगं इकडे येतील का?

दुकानदाराने मान खाजवली. फोटो येतात, नंबर येतात, पण असलं काही इकडचं तिकडे आपण कधी केलेलं नाही, म्हणाला. जमलं तर जमलं. त्याने दोन्ही फोन काचेच्या टेबलावर डोक्याला डोकं लावून ठेवले. दोन्ही हाताला चटका बसेल इतके तापले. पण सगळं आलं. जुना फोन साहेबांच्या देखत कोरा करून त्याने खोक्यात टाकला.

सगळ्यांत महत्त्वाचं रेकॉर्डिंग साहेबांनी उभ्या उभ्या तपासलं. ते वडिलांचं होतं. जायच्या काही महिने आधी, मुलाने तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारल्यावर, वडील थकल्या आवाजात म्हणाले होते, "घर तुझंच आहे. झालं? ठेव आता." त्या घरात सध्या धाकटी बहीण राहत होती, नवऱ्यासकट. वडिलांचं शेवटचं आजारपण तिने काढलं, हे साहेब नाकारत नव्हते. त्याचं कुठे रेकॉर्डिंग नव्हतं, एवढंच. रविवारी काका मध्यस्थीला येणार होते. त्या बैठकीत बहिणीला घर सोडायला लावायचं, असं साहेबांनी पक्कं केलं होतं. "ठेव आता" ऐकू आलं आणि त्यांनी बोट टेकवून ते थांबवलं. पुरावा शाबूत होता.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजच्या आवारात, गाडीत बसून त्यांनी त्या गॅरेजवाल्याचं जुनं बोलणं लावलं; बंपरची किंमत तेव्हा काय सांगितली होती ते पकडायला. किंमत सापडली. "बरं साहेब, ठेवतो," असं गॅरेजवाला म्हणाला, फोन फळीवर ठेवल्याचा टक् असा आवाज आला, आणि रेकॉर्डिंग संपलं नाही. पत्र्यावर हातोडी पडत राहिली. मग जरा लांबून गॅरेजवाला म्हणाला, "ठेवला एकदाचा. पाणी दे रे, तोंड कडू झालं."

साहेबांनी काचेतून बाहेर पाहिलं. गॅरेजवाला समोरच पाना पुसत उभा होता. त्यांच्याकडे पाहून तो अदबीने हसला.

त्याचा फोन नीट कट झाला नसेल. होतं असं. पण साहेबांनी शिंप्याचं लावलं, डॉक्टरांच्या रिसेप्शनिस्टचं लावलं, वरिष्ठांचं लावलं. कुणाचाच फोन नीट कट झालेला नव्हता. बोलणं संपल्यावरही पलीकडची खोली आपली चालूच होती: खुर्ची सरकायची, कागद फाटायचा, आणि मग साहेबांविषयी दोन शब्द. त्या शब्दांत फारशी विविधता नव्हती. शिंपी तेवढा कल्पक निघाला. जुन्या फोनमध्ये ही शेपटं नव्हती, याची साहेबांना खात्री होती. पडताळून पाहायला जुना फोन नव्हता.

दुसरा कुणी फोन परत करून आला असता. साहेबांना वाटलं, इतकी वर्षं आपण अर्धाच पुरावा गोळा करत होतो.

बायकोची रेकॉर्डिंगं त्यांनी मागे ठेवली होती. वाईटसाईट ऐकायची तयारी करून मग ती लावली. ती एका शाळेच्या ऑफिसात कामाला होती. येताना साबण आणायचा की नाही एवढंच बोलणं, मग टक्, आणि मग ती काहीच म्हणाली नाही. तिने ड्रॉवर लावला आणि गुणगुणायला लागली. हलकं, सुरात, बराच वेळ. घरात तिला गुणगुणताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ऑफिसात तू गाणी म्हणतेस का?"

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबला. "कोण म्हणालं?"

"कुणी नाही."

"बरं," ती म्हणाली आणि घातलेली घडी मोडून पुन्हा पहिल्यापासून घालायला लागली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तेच रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. गेल्या वर्षीचं. साबण, टक्, ड्रॉवर. गुणगुणणं सुरू झालं आणि मधेच तुटलं.

"काय झालं गं?" कुणीतरी बाई विचारत होती.

"ऐकतायत," बायको म्हणाली.

"कोण?"

"आमचे हे."

मग दोघी गप्प बसल्या.

साहेबांनी गॅरेजवाल्याचं पुन्हा लावलं. टक् झालं आणि हातोडी थांबली. या वेळी त्याने पाणी मागितलं नाही. शिंप्याचं मशीन थांबलं. वरिष्ठांच्या केबिनमध्ये फक्त पंखा फिरत होता. कुणी शिवी देईना, कुणी सुस्कारा सोडेना. शिव्या होत्या तेव्हा बरं होतं. खोल्या रिकाम्या नव्हत्या. माणसांचे श्वास येत होते, कुणी खोकला दाबत होतं. नकोसा पाहुणा कधी उठतो याची वाट बघत बसावं, तशी ती सगळी बसून होती.

वडिलांचं रेकॉर्डिंग साहेबांनी "ठेव आता"च्या पुढे जाऊ दिलं नाही. पुराव्याला उगाच हात लावू नये, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

रविवारी दुपारी वडिलांच्या घरी सगळे जमले. काका खिडकीपाशी खुर्चीत, मेहुणा दाराला टेकून, आणि बहीण सोफ्यावर मटार सोलत. साहेबांची बायको त्यांच्या मागून आत आली आणि थेट बहिणीशेजारी जाऊन बसली. तिनेही ताटलीतल्या शेंगा घेतल्या.

काकांनी रक्ताची नाती, सामोपचार वगैरे सुरू केलं. साहेबांनी त्यांना पुरतं बोलू दिलं. मेहुण्याने विचारलं की आम्ही जायचं कुठे, तेही तुम्हीच सांगा. त्यावर साहेबांनी खिशातून फोन काढला.

"ऐकवू?"

"ऐकव ना, दादा," बहीण म्हणाली. असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

त्यांनी आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला. बोट तयार ठेवलं.

"घर तुझंच आहे. झालं? ठेव आता."

साहेबांनी बोट टेकवलं.

टक्.

थांबलं नाही. त्यांनी पुन्हा बोट टेकवलं, मग दाबलं. काच गार होती.

खाट करकरली. चपला फरशीवर घासत गेल्या, एक पाय ओढत, वडील चालत तशा.

"गेला का गं?" वडिलांनी विचारलं.

फोनमध्ये कुणी उत्तर दिलं नाही.

"नाही बाबा," बहीण म्हणाली. ती मान वर न करता शेंगा सोलत होती. "बसलाय अजून."

"बरं. मग नंतर बोलू."

कुणी दचकलं नाही. काका खिडकीबाहेर बघायला लागले. मेहुण्याने खोकला दाबला. बायकोचा हात शेंगेवर थांबला.

सगळे गप्प.

ही शांतता साहेबांच्या ओळखीची होती.

ते उठले. बायको उठली नाही.

दार त्यांनी स्वतःच ओढून घेतलं. जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत वरून काही ऐकू आलं नाही. मग वडील काहीतरी म्हणाले आणि सगळे हसले. त्यातलं बायकोचं हसू कुठलं, ते साहेबांना ओळखता आलं नाही.

फोन तिथेच राहिला. बायको अंधार पडायच्या आत परत आली, स्वयंपाकाला लागली आणि त्याविषयी तिने अवाक्षर काढलं नाही. घराचा विषय काकांनी मिटला असं धरलं. साहेबांनीही तो पुन्हा काढला नाही. बहिणीने वहिनीकडे निरोप दिला की दादाचा फोन इथे आहे, केव्हाही येऊन घेऊन जा म्हणावं. साहेब गेले नाहीत. ऑफिसच्या फोनवरून ते अधूनमधून आपलाच नंबर लावून बघतात. रिंग जाते, कुणीतरी उचलतं, आणि पलीकडे सगळे गप्प असतात.

याला आता तीन महिने होतील. त्या घरात सगळे साहेबांच्या जुन्या फोनच्याच प्रकारचे फोन वापरतात. त्यांच्यापैकी कुणाचा चार्जर या फोनला लागत नाही. त्याचा चार्जर पुरावेसाहेबांच्या पलंगाशेजारी, सॉकेटमध्ये आहे.