कोपऱ्यातला बारदाना

आधीच सांगून ठेवतो. ज्याला हसायचंय त्यानं खुशाल हसावं. पण मुज्तबा माझा लंगोटीयार आहे, आणि त्यानं आजवर मला एका चहाचंसुद्धा खोटं सांगितलेलं नाही.

रात्र नव्हती. अमावास्या नव्हती.

लातूर. गेल्या वर्षीचा एप्रिल. दुपारचे सव्वादोन. ऊन असं की कावळासुद्धा सावली सोडत नव्हता.

भुताला घड्याळ बघून यावं लागतं, हे कुणी सांगितलं तुम्हाला?

मुज्तबा नांदेडचा. घरात गाणं ऐकायची खास खोली बांधणारे हौशी लोक त्याला बोलावतात. कारण अशा खोलीला एक दुखणं हमखास असतं. बेस, म्हणजे खालचा खोल आवाज, घुमतो. ढोलावर एक थाप पडली की खोलीत दहा ऐकू येतात. हे दुखणं मुज्तबा कानानं हुडकायचा. सगळी रोजीरोटी त्या दोन कानांवर. दिवाळीत हा गडी कानात कापूस कोंबून फिरायचा. आम्ही लई चेष्टा करायचो.

त्या दिवशी तो वैजनाथ शेठकडे गेला होता. शेठची डाळमिल आहे. घराच्या पहिल्या मजल्यावर त्यांनी खोली बांधली होती, आणि आत दोन सबवूफर. एकेकात बकरी मावेल एवढ्या पेट्या.

मुज्तबानं फोनवर आधीच बजावलं होतं, "शेठ, चारी कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत जाड भरण करा. रॉकवूल आणा, आवाज पिणारी ती दगडी लोकर. वरून कापड ताणा. मग मी येतो."

शेठ म्हणाले, "हाव, हाव."

आणि डाळमिलवाला जे करतो तेच केलं. रॉकवूल कशाला विकत आणायचं? मिलमध्ये जुना बारदाना ढिगानं पडलेला. रिकामी पोती गड्यांकडून आणवली, चार कोपऱ्यांत ठासून भरली, वर झकास काळं कापड ताणलं.

मुज्तबा कापड बघून फसला. आत काय आहे ते त्यानं उघडून बघितलं नाही.

त्याची कामाची पद्धत वेगळी आहे. मालक जिथं बसणार त्या सोफ्यावर तो सबवूफर ठेवतो. एकच खोल सूर लावून देतो. आणि स्वतः भिंतीच्या कडेकडेनं गुडघ्यांवर रांगतो. जिथं बेस स्वच्छ ऐकू येईल, तिथं खडूची खूण. तीच सबवूफरची जागा.

शेठ दारात उभे राहून हसत होते. "मुज्तबाभाई, काय हरवलंय का?"

"आवाज हरवलाय, शेठ. हुडकून राहिलो."

पहिला कोपरा ठीक.

दुसरा ठीक.

तिसराही ठीक.

चौथ्या कोपऱ्यात तो शिरला आणि...

आवाज बंद.

मागं सरकला. सूर चालू होता. पुढं रांगला. पुन्हा बंद. पंख्याची घरघर नाही. शेठचं हसणं नाही. स्वतःचा श्वाससुद्धा नाही.

आता हे कळून घ्या. कोपऱ्यात बेस मरत नाही. कोपऱ्यात तो सगळ्यात जास्त साठतो. म्हणून तर तिथं भरण घालायचं. वीस वर्षांत मुज्तबानं मुका कोपरा बघितला नव्हता.

त्यानं डावा कान कापडाला लावला.

आधी काहीच नाही.

मग... आत कुणीतरी श्वास घेतला. तोंडात धूळ गेल्यावर घेतात तसा, अडकत अडकत.

मग...

ठक्.

मुज्तबा दचकून मागं झाला. रांगतच लॅपटॉपकडे गेला आणि सूर बंद केला.

ठक्... ठक्...

सोफ्यावरच्या सबवूफरचा पडदा हलत होता. त्यानं अॅम्प्लिफायर बंद केला. पडदा हलतच होता. त्यानं वायर भिंतीतून उपटली, हातात धरली आणि बघत राहिला.

पडदा आत-बाहेर, आत-बाहेर.

"शेठ," तो म्हणाला, "त्या कोपऱ्यात काय भरलंय तुम्ही?"

"पोती हायत की मिलमधली. अहो, तागच तो! आवाजाला काय कळतंय?"

"कुठली पोती?"

शेठचा चेहरा पडला. ते चौथ्या कोपऱ्याकडे बघत राहिले. पोती त्यांनी निवडली नव्हती, गड्यांनी उचलून आणली होती. पण कुठल्या ढिगातून, ते त्यांना त्या क्षणी कळलं.

जाड दार धाडकन लागलं.

पुढचा ठोका कानाला ऐकू आला नाही. तो छातीवर बसला. शेठ उभ्याउभ्या भिंतीवर आपटले आणि खाली कोसळले. खिडकीची काच आतल्या बाजूला फुटून आली. दुसऱ्या सबवूफरचा पडदा टरकन फाटला, तरी फाटका पडदा ठोके देतच राहिला.

ठक्!

शेठच्या नाकातून रक्त आलं.

ठक्!

कडकन आवाज झाला. मुज्तबाला वाटलं, लाकूड मोडलं. लाकूड नव्हतं. शेठची बरगडी होती. अंगावर काहीही नसताना तो माणूस जमिनीत दाबला जात होता, गाल फरशीला चिकटलेला, डोळे बाहेर आलेले.

"मडिवाळप्पा!" शेठ ओरडले. "सोड रे! लेकरंबाळं हायत मला!"

मुज्तबानं दोन्ही कान घट्ट दाबले होते. हात थोडे सैल केले तरी कानात सळई घुसत होती. कान धरून बसून राहावं, तर शेठ जाणार. हात काढावेत, तर कान जाणार.

मला विचाराल तर मी बसलो असतो. असल्या माणसासाठी तर नक्कीच.

मुज्तबानं हात काढले.

वायर कापायच्या चाकूनं त्यानं कापड फाडलं आणि पोती उपसायला लागला. एक. दोन. दहा. तुरीचा भुसा डोळ्यांत, तोंडात. प्रत्येक पोतं वरून हलकं, पण ओढताना आतून कुणी धरून ठेवल्यासारखं जड. ठोके त्याच्या पाठीवर पडत होते, मानेवर पडत होते. तो ओरडत होता, "निकालतो बाबा, निकालतो! थांब जरा!"

डाव्या कानात काहीतरी फुटलं. गरम धार गळ्यावर आली. त्यानं पुसलीसुद्धा नाही.

शेवटची पोती निघाली. ती काळपट होती, वाळून कडक झालेली.

आणि सगळं थांबलं.

कोपऱ्यात कुणी नव्हतं. फक्त नव्या गिलाव्यात खड्डे पडले होते. मुठीएवढे. जमिनीपासून वीतभर उंचीवर... आडव्या पडलेल्या माणसाचा हात जिथवर पोचेल, तेवढ्याच उंचीवर.

दार उघडलं तर बाहेर गच्चीवर उज्वलावहिनी, शेठच्या मंडळी, कुरडया घालत होत्या. दहा पावलांवर. त्यांना काच फुटल्याचाही आवाज आला नव्हता.

"अगं बाई! काय केलं हो तुम्ही एकमेकाला?" त्या किंचाळल्या.

दवाखान्यात वहिनींनीच सांगितलं, रडत रडत. दोन वर्षांपूर्वी मिलमध्ये भरल्या पोत्यांची थप्पी कोसळली. निलंग्याकडचा हमाल मडिवाळप्पा खाली गेला. कुणाला दिसलं नाही. पण आतून पत्र्यावर ठोके येत होते. गडी म्हणाले, मालक, मशीन बंद करा, कुणीतरी हाय. शेठ म्हणाले, मशीनचा पट्टा वाजतोय, आधी गाडी भरा.

गाडी भरायची होती म्हणे! तळपायाची आग मस्तकात जाते माझी.

गाडी भरून झाली, तोवर ठोके थांबले होते.

त्याची बायको नीलाबाई म्हणाली होती, ती पोती जाळा. ती जाळलीच नाहीत. रिकामी करून ढिगात टाकली.

शेठ वाचले. चार बरगड्या मोडल्या. खोलीला आता कुलूप आहे.

मुज्तबाचा डावा कान गेला. नांदेडच्या डॉक्टरांनी तीनदा तपासला. पडदा शाबूत, जखम नाही, मग ऐकू का येत नाही, त्यांना सांगता येईना. एका कानावर बेस कळत नाही. त्यानं काम सोडलं. आता भावाच्या दुकानात वायरी विकतो.

गेल्या महिन्यात मी त्याच्याकडे गेलो होतो. भर दुपारी. चहा झाला. तो सहज म्हणाला, "यार, एक काम कर. या कानाला कान लाव."

"येडा झालास का?"

"लाव तर खरं."

मी वाकलो. त्याच्या बहिऱ्या कानाला माझा कान टेकवला.

बराच वेळ काही नाही.

मग आतून, लांबून... कुणीतरी श्वास घेतला. अडकत अडकत.

ठक्.

मी ताठ झालो. मुज्तबा माझ्याकडे बघत होता.

"मी पोती उपसली ना," तो हळूच म्हणाला, "तिथून तर काढलं त्याला. पण मग तो जाणार कुठं होता? सगळ्यात जवळ मीच होतो."

त्यानं बहिऱ्या कानावर तळवा ठेवला.

"आला ना आवाज? खरं सांग. मला भास होतोय का?"

"भास हाय," मी म्हणालो. "काही न्हाई आलं."

त्याचा चेहरा एवढा निवळला...

मी घरी आलो. तेव्हापासून मुज्तबाचा फोन मी उचललेला नाही.