चार पायऱ्या खाली

प्रयोगशाळेतल्या पडद्यावर अठ्ठेचाळीस हिरवे ठिपके होते. एकेक ठिपका म्हणजे इरावती राहायची त्या इमारतीतलं एकेक स्वयंपाकघर, आणि प्रत्येक स्वयंपाकघरात तिनं बनवलेला एकेक शीतफवारा.

जानेवारीची थंडी. इमारतीनं मिळून मागवलेला मटार सकाळीच येऊन पडला होता. घरोघरी शेंगा सोलून झाल्या आणि दुपारी एकच्या सुमारास सगळ्यांनी एकदमच यंत्रं लावली. टाकीत दाबाखाली द्रवरूपात ठेवलेला कार्बन डायऑक्साइड तोटीतून सुटला की त्याचा उणे अठ्ठ्याहत्तर अंशांचा भुरभुरीत बर्फ होतो. दाणे बघता बघता गोठतात. रंग जात नाही, गोडी जात नाही. त्या बर्फाचं पाणी मात्र होत नाही, सरळ वायू होतो.

यंत्र तपासायला आलेले देवस्थळी सर खुर्ची ओढून बसले. उद्या त्यांची सही झाली की शीतफवारा बाजारात जाणार होता.

"हा वायू हवेच्या दीडपट जड," ते म्हणाले. "दिसत नाही, जमिनीलगत साचतो. माणूस आधी पेंगतो, मग उठतच नाही. त्याचं काय केलंस?"

इरावतीनं सांगितलं, की प्रत्येक घरात वायुवेधक आहे, जमिनीपासून वीतभर उंचीवर. वायू वाढला की यंत्र आपोआप बंद होतं आणि ठिपका लाल. ही वीतभर उंची कुठल्या पुस्तकातली नव्हती. तिची दहा महिन्यांची लेक रेवा चटईवर झोपली असताना तिच्या इवल्याशा नाकाजवळ पट्टी धरून, श्वाससुद्धा जपून घेत तिनं ती मोजली होती.

"आणि वापरलेला वायू नळीनं डक्टमध्ये, इमारतीच्या मधल्या उभ्या पोकळीत जातो. घरात काही राहत नाही."

"डक्टमधून कुठं?"

"हवेत, सर. डक्ट वरून उघडाच आहे."

"जड वायू वर कशाला जाईल, बाई?"

"पण एका घराचा असा कितीसा..."

ती थांबली. चाचणी तिनं एकाच घरात घेतली होती. आज घरटी सहा किलो वायू, म्हणजे जवळजवळ तीनशे किलो. एक मोठी खोली छतापर्यंत भरेल एवढा. आणि डक्टच्या तळाशी एकच खिडकी उघडत होती, जमिनीपासून चार पायऱ्या खाली असलेल्या पाळणाघराची. तिथं मटार नव्हता, म्हणून यंत्र नव्हतं. यंत्र नव्हतं, म्हणून वायुवेधकही नव्हता.

रेवा तिथंच होती.

सरांना पडद्यावरून सगळी यंत्रं बंद करायला सांगून तिनं फोन लावला. पाळणाघराच्या उमाताईंचा आवाज जड येत होता. मघापासून डोकं ठणकतंय, म्हणाल्या. पोरं मात्र आज गुणाची. सातही चटईवर गपगार झोपली, एकानं कुरकुर केली नाही.

"तुमचीच तेवढी खुर्चीत माझ्या मांडीवर किरकिरत होती. आत्ता डोळा लागलाय. ठेवते खाली."

"ठेवू नका."

इरावतीला स्वतःचाच आवाज परका वाटला.

"उमाताई, तिला घेऊन उभ्या राहा. खाली विषारी वायू साचलाय. दार उघडा, वर जा, माणसं बोलवा. मग श्वास रोखून एकेक मूल वर."

फोन कुठंतरी आपटला. दार उघडल्याचा आवाज, पायऱ्यांवर धडपड, मग रेवाचं ठणठणीत रडणं. उमाताईंची हाक, धावणारी पावलं. इरावती डोळे मिटून चटईवरच्या सातांची रडणी मोजू लागली. दोन. चार. सहा.

सातवं येईना.

सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग लांबून एक खोकला आला, बारीकसा, आणि त्यापाठोपाठ चिडलेलं रडं.

पडद्यावरचे अठ्ठेचाळीसही ठिपके हिरवेच होते.

"कुणाच्या घरचं यंत्र बिघडलं?" सरांनी विचारलं.

"कुणाच्याच नाही, सर. सगळ्यांचा मिळून खाली साचला," दाराशी काढलेल्या चपला पायानं चाचपडत ती म्हणाली.