पिकअपचे शॉकअप बदलताना

"राघव, बघ रे. बाई भेंडीचं टोक मोडून बघावं तसा शॉकअप दाबून बघतायत."

मागून मराठी ऐकू आलं आणि माझा हात थांबला. करोल बागेतलं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान, समोर सरदारजी आणि मागे दोन तरुण. दिल्लीतल्या मराठी माणसाला ही खोड असतेच. बाजारात उभं राहून शेजारच्याबद्दल बिनदिक्कत मराठीत बोलायचं, कळतंय कुणाला? मीही बोलते. त्यामुळे राग आला नाही, पण सोडायचंही नव्हतं.

"भेंडी निबर आहे," मी मागे न वळता म्हटलं. "कोवळी कुठे मिळेल तेवढं सांगा."

राघव नावाचा मित्र हसत बाहेर सटकला. दुसरा तिथेच उभा राहिला, कानापर्यंत लाल होऊन.

"सॉरी... मी सुधन्वा. फरिदाबादला शॉकअपच्याच कारखान्यात आहे, टेस्टिंगला. बाहेरची पिकअप तुमची असेल तर हा तिचा नाही. जीपचा आहे."

"माहीत आहे. म्हणूनच घेत नाहीये."

पिकअप माझीच होती. म्हणजे चालवायचे मी, कागदोपत्री ती बाबांची. सत्त्याण्णव साल होतं. सरकारी टायपिस्टची नोकरी सोडून मी गुडगावच्या नव्या इमारतींना खिडक्यांच्या काचा पुरवत होते. इमारती भराभर उठत होत्या, रस्ते करायचं मात्र सगळ्यांच्या डोक्यातून गेलं होतं. गाडीचे शॉकअप कामातून गेलेले, त्यामुळे खड्डा आला की गाडी उसळायची आणि मागे काच तडकायची. शेवटी बाबांनी, म्हणजे निवृत्त अवर सचिव भालचंद्र यांनी, निकाल दिला होता. "रसिका, नवे शॉकअप टाक. त्यानंतर एक जरी काच फुटली तर गाडी विकायची आणि तू नोकरी शोधायचीस." बाबा एकदा म्हणाले की म्हणाले.

सरदारजींनी मान हलवली. "भारी पिकअप का शॉकर है मैडम, ऑर्डर पे आएगा. अगले शनिवार पूछ लेना."

पुढच्या शनिवारी माल आला नव्हता, सुधन्वा आला होता. त्याच्या स्कूटरला म्हणे क्लचची तार हवी होती. त्याच्या पुढच्या शनिवारी आरसा. मग ब्रेकची पट्टी. मी तोवर काचा न नेता नुसत्या ॲल्युमिनियमच्या चौकटी पोचवत होते आणि आठवडाभर शनिवारची वाट बघत होते. समोरच्या टपरीवर चहा व्हायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

"तुझ्या स्कूटरमध्ये जुनं काय उरलंय आता?" मी एकदा विचारलं.

"मालक," तो म्हणाला आणि चहाच्या ग्लासात बघत बसला.

दिवाळीच्या आधी एकदाचा माल आला. रविवारी सकाळी सुधन्वा मयूर विहारला आमच्या सोसायटीत हजर. सातविणीच्या फुलांचा उग्र वास सुटला होता, आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून हा गाडीखाली शिरायला निघाला होता.

"आधी कधी बसवलेत?" मी विचारलं.

"कारखान्यात यंत्रावर लावून हजारो तपासलेत. गाडीला..." तो घुटमळला. "नाही."

"मग जॅक धर. पाना माझ्याकडे दे."

जुने निघाले, नवे चढले. पण नट पुरते आवळायचे ते चाकं जमिनीवर टेकून आणि गाडीवर भार टाकूनच. गाडी हवेत असताना आवळले तर आतले रबरी बुश पिळवटून राहतात आणि थोड्याच दिवसांत फाटतात. मागच्या वेळी गॅरेजवाल्यानं तीच घाई केली होती. आता सोसायटीत भार आणायचा कुठून? काचा चढवायची माझी हिंमत नव्हती.

अंगणात महाराष्ट्र मंडळाची कोजागिरीची बैठक चालली होती. बाबांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं आणि ठराव मांडला. "बैठक गाडीत घेऊ." झालं. सगळं मंडळ खुर्च्यांवरून उठून पिकअपच्या हौद्यात जाऊन बसलं. विनयाकाकूंना तर दोघांनी हात देऊन चढवलं. मसाला दुधात केशर परवडतं का, हा वाद वर पुढे सुरू झाला आणि आम्ही दोघं पाने घेऊन खाली सरकलो.

गाडी उंच होती, तरी दोघांना जागा बेताचीच. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. तो बाजूला सरकला नाही, मीही नाही.

"मला पुण्याच्या कारखान्यात बोलावतायत," तो नट धरून म्हणाला.

माझा पाना घसरला. "छान की."

"जाऊ?"

"मला काय विचारतोस..."

"मग कुणाला विचारू? सरदारजींना?"

मला हसू येईना. "तू गेलास तर मला अजिबात आवडणार नाही. पण मी काही तिकडे यायची नाही. माझं काम इथे आहे."

"काम सोड म्हटलंय कुणी? मी कालच नको म्हणून कळवलंय."

"मग विचारलंस कशाला?"

"तू जाऊ नकोस म्हणतेस का, ते ऐकायचं होतं. रसिका... लग्न करशील माझ्याशी?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की वरचा केशराचा वाद केव्हाच थांबलाय. शनिवारच्या सवयीनं आम्ही मराठी म्हणजे आपल्या दोघांचीच भाषा समजून चाललो होतो, आणि वर अख्खं महाराष्ट्र मंडळ कान देऊन बसलं होतं.

"अगं, उत्तर दे ना त्याला," विनयाकाकूंचा आवाज आला. "पाय अवघडले आमचे."

"उद्या काचा पोचू देत," मी खालूनच म्हटलं. "मग सांगेन."

वर कुणीतरी हळहळलं. मला तो हवा होता, अगदी मनापासून हवा होता. पण गाडी गेली म्हणून लग्नाचा आसरा घेतला, असं उद्या माझं मलाच वाटलेलं चाललं नसतं.

सोमवारी हौद्यात काचा उभ्या बांधल्या. मी चालवायला, मध्ये बाबा, खिडकीशी रजा टाकून आलेला सुधन्वा. गुडगावचा शेवटचा रस्ता म्हणजे नुसते खड्डे आणि खडी. गाडी प्रत्येक खड्ड्यात जडपणे खाली जायची आणि लगेच स्थिरावायची, उसळी म्हणून नाही. पोचल्यावर दोर सोडले. एकाही काचेला चरा नव्हता.

मी बॉनेटला टेकून डोळे मिटले. आनंदाच्या भरात सुधन्वानं मजुरांबरोबर एक काच स्वतः उचलली आणि विटेला अडखळला. आवाज ऐकूनच मला कळलं.

तो तुकड्यांत उभा होता, चेहरा पांढराफटक. मीच म्हटलं, "बाबा, एक जरी फुटली तर, असं ठरलं होतं."

"ठरलं होतं," बाबा म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला, परत लावला. "पण ही गाडीनं फोडलेली नाही. जावयानं फोडली."

"बाबा, मी अजून हो म्हटलेलं नाही."

"मग काय ते ठरव. तो परका असेल, तर ही काच मला तुझ्या खात्यावर धरावी लागेल."

मी सुधन्वाजवळ गेले. त्याचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. कुठे कापलं नव्हतं.

"रसिका, मी मुद्दाम नाही..."

"हो," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे हो. करीन लग्न. फार आवडतोस मला तू. फक्त यापुढे माझ्या काचांना हात लावायचा नाही."

बाबा पाठ वळवून मजुरांवर उगाचच ओरडत होते. सुधन्वानं माझे हात धरले ते सोडले नाहीत, आणि मीही सोडवून घेतले नाहीत.