ढोमणे मॅडमचं शून्य

चिखलदऱ्याच्या पठारावरच्या मेळघाट विद्यापीठात गणित विभागाला दिशा दाखवणाऱ्या पाट्या नव्हत्या. पूर्वी होत्या, पण एकविसाव्या शतकाने साठी गाठली, विभागाने दालनात ‘प्रश्नदर्शी’ नावाचं यंत्र बसवलं आणि पाट्या अडगळीत गेल्या. पाहुण्याने गोल फरशीवर उभं राहायचं आणि मनातला प्रश्न बोलायचा. धरणाचं पाणी कसं वाटावं असं विचारणारा आलेख सिद्धांताच्या खोलीत जाई, पिकविम्याचं विचारणारा सांख्यिकीच्या, आणि साप सरपटताना किती वळतो असं विचारणारं पोर भूमितीच्या. यंत्र एकच नाव सांगे. एकच सांगायचं, हा ठराव विभागाने बैठकांमागून बैठका भांडून केला होता. उत्तर असलंच पाहिजे आणि ते एकच असलं पाहिजे, त्याशिवाय गणितवाल्यांना अन्न गोड लागत नाही.

यंत्र बनवलं होतं डॉ. निरंजन गावंडेने, आणि आज त्यालाच अन्न गोड लागत नव्हतं. विद्यापीठाने नवा नियम काढला होता: ज्या शाखेकडे प्रश्नदर्शीने आजवर एकही पाहुणा धाडला नाही, ती शाखा बंद. मूल्यांकनासाठी डॉ. रफिक देशमुख अकोल्याहून दुपारी यायचे होते. बाकी सगळ्यांकडे पाहुण्यांची रीघ लागलेली. फक्त गाठशास्त्रापुढे, म्हणजे दोरीच्या गाठी-पिळांच्या गणितापुढे, शून्य. आणि गाठशास्त्र म्हणजे प्रा. इंदुमती ढोमणे, निरंजनच्या गुरू. ज्यांनी बोटाला धरून गणितात आणलं, त्यांनाच आपल्या यंत्राने डोळ्यांदेखत बाहेर काढावं, याचं त्याला फार वाईट वाटत होतं.

तो जिन्यालगतच्या त्यांच्या खोलीत गेला. मॅडम नेहमीसारख्या सुतळीच्या तुकड्याशी खेळत बसल्या होत्या. खोलीत पठारावरच्याच कॉफीचा वास भरला होता.

“ये. तोंड का पाडलंस? बस, कॉफी घे.”

“मॅडम, यंत्रात कुठंतरी चूक आहे. सकाळपासून तपासतोय, सापडत नाही.”

“नसेल तर सापडेल कशी? चांगलं यंत्र आहे बाप्पा तुझं. मला सांग, ते नेमकं करतं काय?”

निरंजनने सांगितलं. प्रत्येक प्रश्नाचा एक बाण होतो. हा बाण उभा राहतो प्रश्नावकाशात, जिथे हजारो दिशा आहेत. पाण्याचा प्रश्न एका दिशेला झुकतो, पैशाचा दुसऱ्या. प्रश्न जितका नेमका तितका बाण लांब. प्रत्येक प्राध्यापकाच्या संशोधनाचाही असाच एक बाण. ज्याचं टोक पाहुण्याच्या टोकाला सर्वांत जवळ, त्याचं नाव यंत्र घेतं.

“आणि माझं टोक कुठं आहे?”

हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. त्याने हातातली संगणक-पाटी उघडून पाहिलं, आणि परत पाहिलं. “केंद्रात, मॅडम. जवळजवळ शून्यावर.”

“असणारच. सांख्यिकीच्या कडूंबरोबर साथीच्या रोगांवर काम केलं, भूमितीवाल्यांबरोबर पेशींतल्या पिळांवर, पाणीवाल्यांबरोबर भोवऱ्यांवर. जो बोलावेल त्याच्याकडे गेले. चारी बाजूंनी सारखी ओढ बसली की गाठ जागची हलत नाही.” त्यांनी सुतळी ताणून दाखवली. “आमच्या गावची विहीर घे. गावाच्या मधोमध होती. कुठल्याही घराला विचार, तुला सर्वांत जवळ काय? ते शेजारचं घर सांगेल. विहीर एकही सांगणार नाही. आणि पाणी सारा गाव तिथलंच पितो.”

“म्हणजे जो मधोमध, त्याच्या वाट्याला शून्यच.”

“फक्त पहिला नंबर मोजायचा ठरवलात, तर शून्यच. तुझ्या यंत्राने खरं तेच सांगितलं. तू नको जिवाला लावून घेऊस. जाईन मी घरी. ही आरामखुर्ची तेवढी नेऊ देतील ना?”

बोलता बोलता त्यांचा आवाज जरासा कापला.

“पण मॅडम, कुणीतरी असेलच ना, ज्याला केंद्रच सर्वांत जवळ पडतं?”

“असतो की. ज्याच्या बाणाची लांबी शून्य, तो. ज्याला काही विचारायचंच नाही. किंवा विचारायचंय, पण काय ते ठाऊक नाही.”

निरंजनने कप खाली ठेवला. असा पाहुणा आला की यंत्र काय करतं, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. ते थोडा वेळ थांबतं, “कृपया प्रश्न ठरवून या” म्हणतं आणि बाहेरचं दार उघडतं. रिकामा प्रश्न हा प्रश्नच नव्हे, हे कलम त्यानेच घातलं होतं आणि साऱ्या विभागाने माना डोलावल्या होत्या. शून्यावर व्याख्यानं झोडणारी माणसं ही. दारात शून्य येऊन उभं राहिलं तर एकालाही ओळखता आलं नाही. मॅडमचे पाहुणे येत होते, आणि यंत्र त्यांना पायरीवरूनच वाटेला लावत होतं.

त्याला स्वतःचं पोरवय आठवलं. अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा हुकल्यावर तो असाच भटकत इथे आला होता आणि पाट्यांखाली खुळ्यासारखा उभा होता. काय हवंय, असं एका बाईंनी विचारलं. काही नाही, तो म्हणाला. “मग ये, कॉफी घे.” संध्याकाळी तो निघाला तेव्हा डोक्यात एक प्रश्न घोळत होता, आणि तो काही केल्या सुटेना. तेव्हा आपलं हे यंत्र असतं तर आपण दारातूनच परत गेलो असतो, हे त्याला लख्ख कळलं.

देशमुख आले तेव्हा निरंजन दालनात यंत्र उघडूनच बसला होता.

“मूल्यांकनाच्या तोंडावर यंत्राला हात लावताय?” देशमुखांच्या कपाळाला आठी पडली.

“तुमच्या डोळ्यांदेखत लावतोय, साहेब. हे एक कलम काढतोय.” आणि त्याने बाण, विहीर, शून्य असं सगळं सांगितलं.

“म्हणजे गप्प उभं राहायला एखादा माणूस पढवून ठेवला की काम झालं.”

“पढवलेला कुणी नाही. तुम्हीच उभे राहा. हवा तो प्रश्न विचारा.”

बोलून तर बसला, पण निरंजनला यातली जोखीम आता कळली. देशमुख एक शब्द बोलले असते, तरी यंत्राने त्यांना भलतीकडे धाडलं असतं आणि मॅडमचं शून्य कायम राहिलं असतं.

देशमुख फरशीवर उभे राहिले. माणूस एकेकाळी गणितच शिकलेला, पण उभी हयात समित्यांवर गेली.

“काय विचारायचं आहे?” यंत्र म्हणालं.

त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. इतरांना विचारायच्या प्रश्नांची फाइल काखेत होती. स्वतःचा म्हणावा असा एकही सापडेना. त्यांनी एकदा छताकडे पाहिलं, एकदा बुटांकडे. चेहऱ्यावरची आठी गेली आणि तिथे हरवल्यासारखं काहीतरी आलं. निरंजनला त्यांची फार दया आली.

“गाठशास्त्र,” यंत्र म्हणालं. “प्रा. ढोमणे. जिन्याला लागून, दार उघडं असतं.”

ते गेले. निरंजन जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. आतून आधी मॅडमचाच आवाज येत होता, मग दोघांचा, आणि मग देशमुख खळखळून हसल्याचा. चांगल्या तासाभराने ते बाहेर आले ते हातात सुतळीचा तुकडा घेऊन, आणि कुणी न सांगता पुन्हा फरशीवर जाऊन उभे राहिले.

“आम्ही इतकी वर्षं सरासऱ्या काढतो. त्यांत जे हरवतं, ते मोजायचं कसं?”

“सांख्यिकी. प्रा. कडू. वरचा मजला.”

ते घाईघाईने जिना चढायला लागले.

“साहेब, निर्णय काय समजायचा?” निरंजनने खालून विचारलं.

“निर्णय कसला? एकही पाहुणा गेला नाही ती शाखा बंद, असा नियम आहे. मी जाऊन आलो की. आणि ते कलम पुन्हा घालू नका.”

निरंजन मॅडमच्या खोलीत आला. टेबलावर देशमुखांचा कप अर्धा भरलेला तसाच होता.

“कुठं गेले रे? कॉफी टाकूनच उठले.”

“कडू सरांकडे. प्रश्न पडलाय त्यांना.”

“मग आता ते इकडं यायचे नाहीत,” मॅडम समाधानाने म्हणाल्या, आणि किटलीतली कॉफी त्यांनी निरंजनच्या कपात ओतली.