पाचवा खण

मी मूठ धरली आणि माझ्या हातावर आणखी एक हात पडला.

मूठ होती खणांच्या एका जुन्या कपाटाची. मी होते जुन्या सामानवाल्या काकांच्या गोदामात, दोन लंगड्या टेबलांच्या मधे वाकलेली. आणि तो हात... खरखरीत, नखांत भुसा, अंगठ्याला चिकटपट्टी.

"सॉरी," हाताचा मालक म्हणाला. पण हात काही काढला नाही.

"मी आधी धरलीय," मी म्हटलं.

"मी आधी बघितलंय. मंगळवारी."

"मग मंगळवारीच न्यायचं! नुसतं बघून जायला ते काय स्थळ आहे?"

तेव्हा कुठे त्याने हात काढला. हसू दाबत त्याने माझ्या एप्रनकडे बघितलं, एप्रनवर सतरा रंगांचे डाग, आणि त्याचं हसू तिथेच विरलं.

"तुम्ही... फर्निचर रंगवता?"

"हो. का?"

"म्हणजे लाकडाला... रंग?" हे त्याने असं विचारलं की मी जणू शेजाऱ्यांची मांजरं रंगवते.

मग मीही त्याची बोटं नीट बघितली. टोकांशी तपकिरी झालेली, कितीही धुतली तरी न जाणारी. "अच्छा! म्हणजे तुम्ही पॉलिशवाले सुतार."

आमच्या धंद्यात ही दोन घराणी आहेत आणि त्यांचं फारसं पटत नाही. पॉलिशवाल्यांना वाटतं, रंग म्हणजे चांगल्या लाकडाच्या तोंडाला फासलेलं काळं. आम्हां रंगवाल्यांना वाटतं, ही माणसं सगळं घर चहाच्या रंगाचं करून ठेवतात आणि वर नाक वर करून चालतात.

कपाट मात्र झकास होतं. कमरेइतकं उंच, पाच खणांचं. वरून पिवळा रंग, टवका उडालेला तिथे निळा, त्याच्याखाली गुलाबी. म्हणजे तीन घरं, नाहीतर तीन सुना! वरचे चारही खण सरसर उघडत होते. पाचवा, सगळ्यांत खालचा, ढिम्म हलेना. रंगाच्या थरांनी त्याच्या फटी पार लिंपल्या होत्या. त्याला किल्लीचं भोकसुद्धा होतं, तेही बुजलेलं.

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मला नको तितक्या चौकशा असतात. बंद डबा दिसला की माझे हात शिवशिवतात. मावशीकडे राहते मी, ती तर म्हणते, "ही जन्मल्यावर रडायच्या आधी आजूबाजूला कोण कोण आलंय ते बघत होती."

"यात काय असेल हो?" मी त्या खणापुढे बसकणच मारली.

तो काहीतरी सांगायला गेला. तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि मिटलं. मग म्हणाला, "बघू या."

काकांनी आमचा निवाडा केला. निम्मे निम्मे पैसे घाला, कपाट इथेच राहू दे, कारण एकाच्या घरी गेलं तर दुसऱ्याला ते पुन्हा ओळखू यायचं नाही. मग आमचं ठरलं. दर शनिवारी दुपारी दोघांनी यायचं आणि मिळून तो खण सोडवायचा. एकट्याने हात लावायचा नाही. खण उघडला की रंग की पॉलिश ते बघायचं.

"आणि हे उलटंपालटं करायचं नाही," तो म्हणाला. "पाय कच्चे आहेत."

सुतार म्हणतोय म्हणजे असतील, मी मनात म्हटलं.

पहिल्या शनिवारी आम्ही खणाची वरची फट खरवडली. तो डावीकडून, मी उजवीकडून, दोघांच्या हातात एकेक पातळ पत्ती. रंग काढायचं औषध लावलं असतं तर तासाभराचं काम. पण तो म्हणाला, औषध आत ओघळेल, आत कागदपत्रं असली तर वाट लागेल. मला ते लगेच पटलं. मी तर तोवर आत प्रेमपत्रांचा गठ्ठा घालूनही ठेवला होता.

"प्रेमपत्रं कुणी खालच्या खणात ठेवतं का?" तो म्हणाला. "वाकावं लागतं."

"प्रेमात माणूस वाकतोच."

"मग तुम्ही वाकलात वाटतं कधी?"

"मी ना? रोज वाकते. स्टुलांचे पाय रंगवायला."

तो हसला आणि फुंकर मारून फटीतला चुरा उडवला. तो सगळा माझ्या चेहऱ्यावर. "अहो...!" मी डोळे चोळत ओरडले, तर तो इतका घाबरला की स्वतःचा रुमाल पाण्यात बुडवून आणेपर्यंत तीनदा कशाला तरी धडकला. डोळे पुसून मी बघते तर रुमाल समोर धरून अजून उभा, कान लाल. मला उगीचच बरं वाटलं.

दुसऱ्या शनिवारी त्याने एक बुटकं स्टूल आणलं. "दिवसभर जमिनीवर बसून तुमचे गुडघे दुखत असतील," तो दुसरीकडे बघत म्हणाला. स्टूल बरोब्बर माझ्या उंचीचं होतं. त्याने माप कधी घेतलं, देव जाणे. "रंगवायचं नाही हां!"

"विचार करीन," मी म्हटलं.

त्या दिवशी माझा अंदाज होता, आत कुणाचे तरी दुधाचे दात. त्याचा अंदाज, हरवलेला मोजा. "एकच?" मी विचारलं. "दुसरा माझ्याकडे आहे. मी कधीचा शोधतोय," तो म्हणाला. मी इतकी हसले की काका आतून बघायला आले, काय पडलं म्हणून.

घरी मावशीने मला आपादमस्तक न्याहाळलं. "हल्ली शनिवारी केस धुतेस. भुशात बसायला जायचं तर आल्यावर धुवावेत ना गं?" मी ऐकू न आल्यासारखं केलं.

तिसऱ्या शनिवारी तो आला तोच कामाला लागला. बराच वेळ पत्ती फिरवून मग हळूच म्हणाला, "मला नोकरी आलीय. दुसऱ्या शहरात, एका वस्तुसंग्रहालयात. जुन्या फर्निचरची डागडुजी."

"अरे वा!" मी म्हटलं.

"महिनाअखेर कळवायचंय. बाकीची कामं आवरलीत. आता हे एवढंच राहिलंय. खण उघडला की..." त्याने वाक्य तसंच सोडलं.

मीही ते उचललं नाही. पण त्या दिवसापासून माझी पत्ती फार हळू चालायला लागली. ज्या खणात काय आहे हे बघायला माझा जीव कासावीस होत होता, तो उघडूच नये असं मला वाटायला लागलं. माझ्यासारख्या मुलीला, विचार करा!

तरी स्वभाव कुठे जातो? गुरुवारी दुपारी मला राहवेना. एका खुर्चीला मोरपंखी रंगाचा पहिला हात देऊन मी तशीच गोदामात गेले. काकांना म्हटलं, "त्याला सांगू नका." चारही खण बाहेर काढले; चौथ्याच्या खाली पक्की फळी होती, वरून काही दिसेना. कपाट हलकं झालं. जुनी गादी अंथरून मी ते अलगद उताणं पाडलं आणि खालून डोकं आत घातलं.

खण नव्हताच.

नुसती एक फळी. पुढून मूठ, फट, किल्लीचं भोक, सगळा थाट, आणि मागे काही नाही. आतून दोन पट्ट्यांनी पक्की ठोकलेली. चार खणांचं कपाट बुटकं दिसत असेल म्हणून कुणीतरी पाचव्याचा नुसता चेहरा लावून ठेवला होता, आणि आम्ही तीन शनिवार त्या चेहऱ्याची हजामत करत बसलो होतो.

आधी मला हसू आलं. मग मनात शंकेची पाल चुकचुकली. मी रंगवाली, मी फसले तर ठीक आहे. पण तो? सुतार माणूस! ज्याने मला नुसतं बघून माझ्या मापाचं स्टूल केलं, त्याला खोटा खण ओळखता येत नाही?

आणि मग आठवलं. उलटंपालटं करायचं नाही. पाय कच्चे आहेत.

मी कपाट सरळ केलं, खण आत घातले, वर चढले आणि दोन उड्या मारल्या. पाय हललेसुद्धा नाहीत. "अगं, काय चाललंय?" काका धावत आले. "काही नाही, पाय बघतेय," मी म्हटलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. एक तर हा माणूस माझ्यासाठी थांबला होता, नाहीतर सुतार म्हणून अगदीच कच्चा होता. खणात काय आहे हे कळलं होतं, पण आता त्याच्या मनात काय आहे हे कळेना. विचारावं? पण विचारलं की खेळ संपला. खण नाही तर काम नाही, काम नाही तर शनिवार नाही, आणि महिना संपत आलेला.

चौथ्या शनिवारी मी निमूट माझ्या स्टुलावर बसले आणि तासभर ती पोकळ फट खरवडली. मधूनच चोरून त्याच्याकडे बघत होते. तोही बघत होता. नजर भिडली की दोघंही घाईघाईने कामाला लागायचो.

"आज तुमचा काय अंदाज?" त्याने विचारलं.

"आज..." मी पत्तीवरचा चुरा पुसला. "आज रिकामा असेल असं वाटतंय."

त्याची पत्ती थांबली. "रिकामा असला तर यायचं थांबवाल?"

"तुम्हीच तर निघालात," मी म्हटलं. थोडं चिडूनच म्हटलं.

तो उठला, हात झटकले. "पुढच्या शनिवारी उघडूच," म्हणाला आणि निघून गेला. आठवडाभर मी कुठल्याच कामाला धड हात लावला नाही. एका टेबलाला तर प्रायमर न लावताच रंग दिला, सगळा परत काढावा लागला.

पाचवा शनिवार. तो माझ्या आधीच आलेला. केसांत भुसा, शर्टाच्या बाहीवर कसलासा डाग. काका गिऱ्हाईक सोडून दारातच उभे.

"ओढा," तो म्हणाला.

"तुम्ही ओढा. सुताराचा मान."

"नाही. तुम्ही."

मला रडूच येणार होतं. आता फळी हातात येणार, सगळं उघडं पडणार, आणि हा नोकरीला हो कळवून गाडीत बसणार. मी डोळे मिटून मूठ धरली आणि ओढली.

खण उघडला.

आवाज नाही, अडकणं नाही, सरळ माझ्या मांडीपर्यंत आला. मी मागेच कलंडले असते, त्याने पाठीला हात दिला म्हणून वाचले. ताज्या कापलेल्या लाकडाचा वास आला, आणि त्याच्या जोडीला... रंगाचा. माझ्या ओळखीचा वास! आतून सगळा खण मोरपंखी रंगवलेला होता. रंगवलेला म्हणजे काय, नुसता फासलेला. कुंचल्याचे फराटे दहा दिशांना, कोपऱ्यांत ओघळ, मधे केस चिकटलेले. आणि एका कोपऱ्यात वाळून दगड झालेला ब्रश.

"पण हा खण नव्हताच!" मी ओरडले, आणि जीभ चावली.

"नव्हता ना?" तो म्हणाला. "तुम्हांला कसं माहीत?"

"अरे, बोला रे एकदाचं!" काका दारातून कळवळले. "ती म्हणते त्याला सांगू नका, तू म्हणतोस तिला सांगू नका. माझं पोट फुगलंय!"

मी त्याच्याकडे बघितलं. "तुम्हांला कधी कळलं?"

"त्या पहिल्या मंगळवारीच. तुम्ही यायच्या आधी. ठोकून बघितलं होतं." त्याने मान खाली घातली. "सांगणार होतो. पण तुम्ही खाली बसलात आणि विचारलंत, यात काय असेल. मला वाटलं, ही अशी विचारत बसली तर मी आयुष्यभर नाही सांगणार."

"आणि मला कळलंय हे कसं कळलं?"

"गेल्या आठवड्यात शुक्रवारी आलो तर दुसरा खण तिसऱ्याच्या जागी. खाली वाकून बघितलं तर आतल्या पट्टीवर तुमच्या अंगठ्याचा ठसा. मोरपंखी." तो श्वास घ्यायला थांबला. "वाटलं, संपलं. आता ही येणार नाही. तर तुम्ही आलात, आणि तासभर नुसती फळी खरवडत बसलात... मग मी घरी जाऊन खण करायला घेतला."

"आणि नोकरी?"

"बुधवारी नाही म्हणून कळवलं."

"मला न विचारता? आणि मी नको म्हटलं असतं तर?"

"तर रंग काढून पॉलिश केलं असतं," तो म्हणाला. ओठ हसत होते, पण नजर खणातच होती.

जन्मभर दुसऱ्यांच्या गोष्टींत नाक खुपसणारी मी, पण स्वतःची गोष्ट सांगायची वेळ आली तर शब्द सापडेना. मग एका दमात म्हणून टाकलं, "मला तू आवडतोस. लाकडाला रंग देता येत नाही तरी आवडतोस."

तो खणाशी वाकला. वाळलेला ब्रश उचलून उलटसुलट करत राहिला. कान पुन्हा लाल.

"हा... असा का झाला?" शेवटी त्याने विचारलं.

"वापरल्यावर धुवायचा असतो. टर्पेंटाइनमध्ये."

"मला माहीत नव्हतं." त्याने ब्रश माझ्या हातावर ठेवला आणि आपला हात वरच राहू दिला, पहिल्या दिवशीसारखाच. "शिकवशील?"

"किती वेळ लागेल सांगता येत नाही," मी म्हटलं, आणि या वेळी तू आधी की मी आधी असा वाद मी घातला नाही.

"रिकामा का ठेवलास?" बऱ्याच वेळाने मी विचारलं. माझाच स्वभाव तो.

"यात काय ठेवायचं ते एकट्याने ठरवायचं नाही. तसंच ठरलंय ना आपलं?"

काकांनी डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाले.

कपाट अजून गोदामातच आहे. बाहेरून रंग की पॉलिश, हे भांडण दर शनिवारी होतं आणि दर शनिवारी अर्धवट राहतं. आम्ही दोघंही ते संपवायची घाई करत नाही. परवा मावशी बघायला आली होती. तिने पाचवा खण उघडला, आत तो दगड झालेला ब्रश एकटाच पडलेला बघितला, आणि म्हणाली, "एवढ्या मोठ्या खणात एवढंच?"

"भरेल गं," मी म्हटलं.